दुरुस्तीनंतरची थरथर

विमानाचे इंजिन उतरवून तपासले गेले, झिजलेले भाग बदलून ते पुन्हा पंखाखाली चढवले गेले आणि जबाबदार अभियंत्याने कागदावर सही केली, की ते विमान पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित झाले, असे प्रवासी गृहीत धरतो. एकंदरीत पाहता हे गृहीतक खोटे नाही. नियमित देखभालीवाचून आजची विमानवाहतूक एक दिवसही चालणार नाही. परंतु देखभाल म्हणजे माणसाच्या हातांनी यंत्र उघडणे आणि पुन्हा मिटणे. आणि जे यंत्र नुकतेच उघडून मिटले आहे, त्यात एखादी नवी चूक शिरली असण्याचा संभव काही काळ तरी नाकारता येत नाही. दुरुस्तीनंतर इंजिनात जाणवणारा कंप ही पुष्कळदा अशा चुकीची पहिली वर्दी असते. ही वर्दी घ्यायची कोणी, आणि ती घेतल्यावर विमान थांबवून ठेवण्याचे बळ कोणाजवळ आहे, हा प्रश्न विमानतळांच्या नव्या इमारतींच्या कौतुकात मागे पडतो.

जात्याला टाकी लावून घेतल्यावर पहिले दळण घरच्या भाकरीसाठी वापरायचे नाही, हे जुन्या काळच्या गृहिणीला कोणी शिकवावे लागत नसे. टाकी लावल्याने जाते सुधारते याविषयी तिला शंका नव्हती. पण सुधारलेल्या जात्यातून पहिल्या काही मुठींबरोबर दगडाची कच येणार, हेही ती जाणून होती. विमानाच्या इंजिनाची गोष्ट तत्त्वतः याहून फारशी निराळी नाही. तेथे कच दिसते ती कंपमापकाच्या काट्यावर. मात्र घरातली बाई पहिले पीठ बाजूला सारायला मुखत्यार होती. हँगरमधला तंत्रज्ञ तसा मुखत्यार असतोच असे नाही.

दहा ग्रॅमचा हिशेब

जेट इंजिन हे मूलतः एकाच अक्षाभोवती गरगरणाऱ्या चकत्यांचे यंत्र आहे. पुढे मोठा पंखा, त्यामागे हवा दाबणारी चक्रे, मध्ये इंधनाचे ज्वलन आणि मागे त्या तप्त वायूवर फिरणारी टर्बाइनची चक्रे, अशी त्याची मांडणी असते. १९८० च्या दशकातील बोइंग ७३७ विमानांना जे सीएफएम-५६ जातीचे इंजिन बसवले जाई, त्याचा पंखा सुमारे दीड मीटर व्यासाचा होता आणि तो मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेई. अशा पंख्याच्या कडेला एका बाजूस केवळ दहा ग्रॅम वजन जास्त झाले, तर पूर्ण वेगात असताना अक्षावर सुमारे दोनशे किलो वजनाइतका ओढा पडतो. शिवाय हा ओढा एका जागी स्थिर राहत नाही. प्रत्येक फेऱ्याबरोबर तो दिशा बदलतो, म्हणजे सेकंदाला ऐंशीहून अधिक वेळा इंजिनाला आणि त्याला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगांना गदागदा हलवतो. वेग दुप्पट झाला तर हा ओढा चौपट होतो, हा तर शालेय पदार्थविज्ञानातला नियम आहे.

म्हणूनच पंख्याचे एक पाते बदलणे हे भिंतीतली एक वीट बदलण्याइतके सोपे काम नव्हे. प्रत्येक पात्याचा तोल आधी मोजलेला असतो. एक पाते निकामी झाले, तर पुष्कळदा त्याच्या समोरचेही बदलून जोडी जुळवावी लागते. पात्याचे मूळ चकतीच्या ज्या खाचेत बसते, तेथील वंगण सुकले तर पाती सारखी बसत नाहीत आणि नुसत्या त्या कारणानेही पंखा थरथरू लागतो. पंख्याच्या पुढच्या शंकूवर बारीक वजनाचे स्क्रू ठरावीक भोकांत बसवून उरलासुरला तोल साधतात. मोटारीच्या चाकाला शिशाचा तुकडा लावून गॅरेजवाला जे करतो, त्याचेच हे अतिसूक्ष्म रूप होय. त्यानंतर इंजिन जमिनीवर चालवून कंप किती आणि कोणत्या कोनात आहे हे मोजतात, आणि तो मर्यादेत आल्यावरच विमान उड्डाणासाठी मोकळे करतात.

या साखळीतील प्रत्येक कडी माणसाच्या हातची आहे. स्क्रू शेजारच्या भोकात बसू शकतो. नळीला आवळणारी पट्टी सैल राहू शकते. पुसण्याचे फडके आत विसरले जाऊ शकते. यात एक विचित्र शक्यता अशीही असते, की इंजिन मुळीच थरथरत नसते. थरथर मोजणाऱ्या उपकरणाची तारच नीट खोचलेली नसते. ढगांतून जाताना पात्यांवर बर्फ साचल्यामुळे येणारा कंप तर वैमानिकाच्या रोजच्या ओळखीचा असतो. बर्फ झडला की तोही जातो. काट्याची एकच हालचाल, पण तिचे अर्थ तीन. खरी अडचण येथून सुरू होते. कारण ज्या साक्षीदाराची साक्ष तीनदा चुकीची ठरली, त्याच्यावर चौथ्यांदा विश्वास ठेवण्यास कोणी तयार नसतो.

काट्यावरचा अविश्वास

या अविश्वासाची किंमत काय होते, हे ८ जानेवारी १९८९ च्या रात्री इंग्लंडमध्ये दिसून आले. ब्रिटिश मिडलंड कंपनीचे बोइंग ७३७-४०० विमान लंडनहून बेलफास्टला निघाले होते. विमान वर चढत असतानाच डाव्या इंजिनातील पंख्याचे एक पाते तुटले. विमानाला जोराचे हादरे बसू लागले आणि आत धुराचा वास पसरला. डाव्या इंजिनाचा कंपमापक त्या वेळी कमाल कंप दाखवत होता. तरीही वैमानिकांनी उजवे, म्हणजे धडधाकट इंजिन बंद केले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तसा हा प्रकार झाला. आणि दुर्दैव असे, की त्याच सुमारास शक्ती कमी झाल्याने डाव्या इंजिनाचे हादरेही कमी झाले आणि आपण केले ते बरोबर, अशी वैमानिकांची खात्री पटली. ईस्ट मिडलंड्स विमानतळावर उतरताना पुन्हा शक्तीची गरज पडली, तेव्हा जखमी डावे इंजिन कोलमडले. धावपट्टी अगदी समोर असताना विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळले. विमानात १२६ माणसे होती. त्यांपैकी ४७ दगावली.

कंपमापक खरे सांगत असताना ते कोणी पाहिले कसे नाही? १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात याची कारणे तपशिलाने आली आहेत. मापकाची नवी तबकडी लहान होती आणि चटकन डोळ्यांत भरत नव्हती. या नव्या विमानाचे पुरेसे प्रशिक्षण वैमानिकांना मिळालेले नव्हते. पण या सर्वांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. जुन्या विमानांतील कंपमापकांनी पूर्वी इतके वेळा चुकीचे आकडे दाखवले होते, की त्यांच्याकडे फारसे लक्ष द्यायचे नसते अशी वैमानिकवर्गात समजूत रूढ झाली होती. नव्या विमानातील मापक जुन्यांपेक्षा पुष्कळ भरवशाचा होता. मात्र पत गेलेल्या घराण्यातला मुलगा कितीही प्रामाणिक निघाला, तरी त्याला उधार देताना वाणी कचरतो.

केगवर्थचे विमान जेमतेम तीन महिन्यांचे होते आणि त्याचे पाते कोणा तंत्रज्ञाच्या चुकीने तुटलेले नव्हते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही देखभालीच्या दृष्टीने या अपघातातून दोन धडे निघतात. पहिला असा, की उपकरणाची पत हँगरमध्ये ठरते. वैमानिकाने कंपाची तक्रार नोंदवहीत लिहावी, आणि तंत्रज्ञाने घाईत तपासून "दोष आढळला नाही" असा शेरा मारावा, असे चार वेळा घडले की पाचव्या वेळी वैमानिक लिहीतच नाही. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा आहे. ज्या कंपनामुळे ते पाते शिणून तुटले, ते जमिनीवरच्या चाचण्यांत प्रकट होतच नव्हते. दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, अधिक शक्ती लावलेली असतानाच ते उद्भवत होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आणखी दोन विमानांच्या इंजिनांची पाती तशीच तुटली, तेव्हा हे कोडे सुटले. तात्पर्य, जमिनीवर इंजिन चालवून पाहिले आणि कंप आढळला नाही, हे हवेत जाणवलेल्या कंपाला पुरेसे उत्तर नव्हे.

धातू शिणतो, हे सामान्य माणसाला चटकन पटत नाही. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच मागेपुढे वाकवत राहिले की तुटते. कंप म्हणजे असे लक्षावधी वेळा मागेपुढे वाकवणेच होय. धातू शिणून फुटल्याचा परिणाम मुंबईने पाहिलेला आहे. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी सांताक्रूझ विमानतळावरून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅरॅव्हेल विमानाच्या इंजिनातील हवा दाबणाऱ्या चक्राची एक चकती धातू शिणल्यामुळे फुटली. तिच्या तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली, आग भडकली, आणि परत फिरलेले विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळून त्यातील सर्व ९५ जण मृत्युमुखी पडले. भेग वाढत असताना बाहेरून काही दिसत नाही. म्हणूनच यंत्र काही सांगू लागले, तर ते ऐकण्याची सवय मोलाची ठरते.

एका रात्रीची घाई

कंप हे नेहमीच मूळ दुखणे असते असे नाही; कधी इंजिनाची नेहमीची, अगदी निरोगी थरथरसुद्धा दुरुस्तीतली चूक उघडी पाडते. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅटचे एअरबस ए-३३० विमान टोरांटोहून लिस्बनला जात होते. त्याचे उजवे इंजिन बदलून आठवडाही उलटला नव्हता. बदलीसाठी मिळालेले इंजिन जुन्या घडणीचे होते, आणि त्याच्यावर चढवलेला हायड्रॉलिक पंप मात्र नव्या घडणीचा होता. दोहोंच्या नळ्या एकमेकींना चिकटू पाहत आहेत हे तंत्रज्ञांच्या ध्यानात आले होते. त्याविषयीचे उत्पादकाचे सूचनापत्र संगणकावर उघडेना. काम वेळेत उरकायचे होते. तेव्हा दूरध्वनीवरून सल्ला घेऊन नळ्यांमध्ये जेमतेम जागा करून काम पुरे करण्यात आले. पुढे दाबाखाली हायड्रॉलिकची नळी सरकली, इंधनाच्या नळीवर घासत राहिली, आणि अटलांटिक महासागरावर असताना इंधनाची नळी फुटली. आकडे विचित्र दिसू लागले तेव्हा वैमानिकांनाही आधी मापकच चुकत असावेत असे वाटले. अखेर दोन्ही इंजिने बंद पडली. सुमारे एकोणीस मिनिटे ते विमान घारीसारखे नुसते तरंगत आले आणि अझोर्स बेटांवरील लाजेस येथे उतरले. ३०६ जीव वाचले. वैमानिकांच्या कौशल्याचे कौतुक जगभर झाले, आणि ते रास्तच होते. पण ते कौशल्य पणाला लावण्याची पाळी ज्या घाईने आणली, तिची चर्चा मानाने कमी झाली.

अमेरिकेतील मायामी येथे ५ मे १९८३ रोजी घडलेला प्रसंग तर अधिक बोलका आहे. ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानाला तीन इंजिने होती. तिन्ही इंजिनांच्या तेलातील धातूचे कण पकडणारे चुंबकीय खुंटे आदल्या रात्री काढून नवे बसवण्यात आले. वस्तुतः ही तपासणी इंजिनाच्या सुरक्षेसाठीच केली जाते, कारण तेलात धातूचे कण दिसले की आत काहीतरी झिजते आहे हे कळते. एरवी हे खुंटे रबरी कडी बसवूनच तंत्रज्ञांच्या हाती पडत. त्या रात्री ते नेहमीच्या जागी नव्हते म्हणून दुसरीकडून आणले गेले, आणि त्यांना कडी नव्हती. कडी असेलच असे गृहीत धरून ते तसेच बसवले गेले. दुसऱ्या दिवशी तिन्ही इंजिनांतून तेल गळाले, आणि समुद्रावर असताना एकापाठोपाठ एक तिन्ही इंजिने बंद झाली. आधी बंद केलेले एक इंजिन कसेबसे पुन्हा सुरू झाले म्हणून विमानातील १७२ जण मायामीस सुखरूप परतले. विमानाला तीन इंजिने असतात ती एक बिघडले तर दुसरे असावे म्हणून. पण तिन्हींवर एकाच पाळीत, एकाच समजुतीने काम झाले, तर तिन्हींत एकच चूक शिरते, आणि तीन असूनही ती एकाच इंजिनासारखी होतात.

या दोन्ही प्रसंगांत कोणी दारूच्या नशेत नव्हता, कोणी घातपात करू इच्छीत नव्हता. कुशल, अनुभवी माणसे रात्रीच्या पाळीत सकाळचे उड्डाण गाठण्याच्या धडपडीत होती. घाईचे गणित याहून उघडपणे मांडले गेले ते अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या बाबतीत. इंजिन आणि त्याला पंखाशी जोडणारा खांब वेगवेगळा काढावा, अशी उत्पादकाची सूचना होती. ती बाजूला ठेवून, दोन्ही एकदमच मालवाहू उचलयंत्राने उतरवण्याची पद्धत कंपनीने सुरू केली. कारण त्यामुळे एका विमानामागे सुमारे दोनशे मनुष्यतास वाचत होते. त्या उचलाउचलीत खांबाच्या जोडावर भेग पडली. आठ आठवड्यांनंतर, २५ मे १९७९ रोजी, शिकागोहून उड्डाण करतानाच ते इंजिन खांबासकट निखळून पडले. विमानातील २७१ आणि जमिनीवरील दोन, अशी २७३ माणसे गेली. त्याच पद्धतीने हाताळलेल्या आणखी काही विमानांच्या जोडांवरही भेगा आढळल्या. दोनशे तासांची बचत हिशेबाच्या वहीत लागलीच दिसली होती. भेग मात्र कोणत्याच वहीत नव्हती.

भारतापुढील प्रश्न

या परदेशी कहाण्यांचा भारताशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात इंडिगो कंपनीच्या ए-३२० निओ विमानांवरील प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांत टर्बाइनची पाती तुटून जोराचे हादरे बसण्याचे आणि इंजिन हवेतच बंद करावे लागण्याचे प्रसंग लागोपाठ घडले. १ नोव्हेंबर २०१९ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आदेश काढून ९७ विमानांची इंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत सुधारित इंजिनांनी बदलण्यास सांगितले. पुढे ती मुदत वाढवावी लागली. कारण तितकी सुधारित इंजिने आणि त्यांवर काम करणाऱ्या तितक्या कार्यशाळा जगातच उपलब्ध नव्हत्या. हा दोष घडणीचा होता, देखभालीचा नव्हे. परंतु आदेश कितीही कठोर असला, तरी तो अखेर कोणत्या तरी हँगरमध्ये, कोणत्या तरी पाळीतील माणसांच्या हातूनच अमलात येतो, हे त्या वेळी स्पष्ट झाले.

त्या माणसांवर किती ताण आहे, याची कल्पना देणारी एक घटना २०२५ साली उघडकीस आली. इंजिनातील काही भाग ठरलेल्या मुदतीत बदलण्याचा युरोपीय नियामकाचा आदेश असताना, एका भारतीय विमान कंपनीत ते वेळेवर बदलले गेले नाहीत. आणि बदलल्याचे दाखवणाऱ्या नोंदी मात्र तयार झाल्या. महासंचालनालयाने त्या वर्षीच्या मार्चमध्ये कंपनीला ताकीद दिली. कंपनीनेही चूक मान्य केली. अपघात झाला नाही, म्हणून हे प्रकरण दोन दिवसांत विसरले गेले. पण इंजिनाला नोंदवही वाचता येत नाही. भाग बदलल्याची सही खरी की खोटी, याचा त्याच्या चकत्यांवर काहीही परिणाम होत नाही; त्या आपल्या झिजेच्या हिशेबानेच चालतात.

भारत हे विमान देखभालीचे मोठे केंद्र व्हावे, असे सरकारचे धोरण आहे. नागपूरच्या मिहान परिसरात एअर इंडियासाठी उभारलेले देखभाल केंद्र २०१५ पासून कार्यरत झाले. जुलै २०२४ पासून विमानांच्या सुट्या भागांवर सरसकट पाच टक्के एकात्मिक कर ठरवून करांचा गुंता सोडवण्यात आला. २०२५ च्या नोव्हेंबरात हैदराबाद येथे लीप जातीच्या इंजिनांच्या देखभाल केंद्राचे उद्घाटन झाले. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. परदेशी पाठवावी लागणारी इंजिने देशातच दुरुस्त झाली तर पैसा वाचेल, विदर्भ-मराठवाड्यातील तंत्रनिकेतनांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना प्रतिष्ठेचे काम मिळेल. पण या धोरणाचे समर्थन करताना "भारतात मजुरी स्वस्त आहे" हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्याने चिंता वाटावी. मजुरी स्वस्त असेल, तर त्याच खर्चात दोन माणसे अधिक ठेवून प्रत्येकाला एक तास अधिक द्यावा, हा त्यातून निघणारा एक निष्कर्ष. तितक्याच माणसांत अधिक इंजिने उरकावीत, हा दुसरा. पहिल्या निष्कर्षाने केंद्राची पत वाढेल. दुसऱ्याने काही वर्षे नफा वाढेल, आणि मग एखाद्या पहाटे तो सगळा एकदम फेडावा लागेल.

वैमानिकांच्या विश्रांतीचा प्रश्न २०२५ च्या डिसेंबरात देशभर गाजला. नव्या नियमांची तयारी अपुरी पडल्याने इंडिगोची असंख्य उड्डाणे रद्द झाली आणि लाखो प्रवाशांना झळ पोहोचली. त्या निमित्ताने दमलेला वैमानिक किती धोक्याचा, हे सर्वांना पटले. दमलेल्या तंत्रज्ञाचा धोका मात्र त्या चर्चेत क्वचितच आला. वैमानिकाची चूक बहुधा त्याच उड्डाणात उघड होते आणि तिची किंमत तो स्वतःही मोजतो. तंत्रज्ञाची चूक आठ आठवड्यांनी, दुसऱ्याच शहरात, अनोळखी माणसांच्या वाट्याला येऊ शकते. म्हणून त्याच्या झोपेची काळजी कोणी करू नये, असे मात्र नव्हे.

काय करता येईल

प्रत्येक थरथरीला विमान जमिनीवर बसवून ठेवले तर वेळापत्रक मोडून पडेल, असा आक्षेप कंपन्यांकडून घेतला जातो. त्यात तथ्य आहे. बहुतेक कंप निरुपद्रवी असतात, आणि कोणता कंप सहन करावा याच्या मर्यादा उत्पादकांनी आखून दिलेल्या आहेत. परंतु मर्यादा ही एक गोष्ट आणि बदल ही दुसरी. समजा, दुरुस्तीपूर्वी एखाद्या इंजिनाचा कंप अर्ध्या मात्रेचा होता आणि दुरुस्तीनंतर तो दोन मात्रांचा झाला. मर्यादा चार मात्रांची आहे. नियमाच्या भाषेत सर्व ठीक आहे. पण त्या इंजिनाला हात लागण्यापूर्वी जे नव्हते ते आता आहे, आणि ते का, याचे उत्तर कोणाजवळ नाही. अनुभवी वैद्य रोग्याची नाडी एकदाच पाहून निदान करीत नाही. कालची आणि आजची ताडून पाहतो. आधुनिक विमाने प्रत्येक उड्डाणाचे कंपाचे आकडे आपोआप साठवून ठेवतात. ते ताडून पाहण्यास नवे यंत्र लागत नाही. ते पाहण्यासाठी नेमलेला माणूस आणि त्याला दिलेला वेळ लागतो.

या दृष्टीने काही गोष्टी सक्तीच्या करणे अवघड नाही. इंजिनावर मोठे काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे कंपाचे आकडे शेजारीशेजारी लिहिल्यावाचून विमान मोकळे करू नये, आणि पुढच्या काही उड्डाणांत त्यावर लक्ष ठेवावे. दोन इंजिनांच्या विमानाच्या दोन्ही इंजिनांवर एकाच माणसाने एकाच खेपेस सारखेच काम करणे टाळावे. दीर्घ सागरी उड्डाणे करणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांबाबत हे पथ्य पाळले जाते. ते मुंबई-नागपूर उड्डाणालाही लागू असावे. कंपाची तीच तक्रार तिसऱ्यांदा आली, तर त्याच ठाण्यावर तोच शेरा मारून ती मिटवण्याची मुभा नसावी. ती वरच्या अधिकाऱ्याकडे गेलीच पाहिजे. देखभाल अभियंत्यांच्या कामाच्या तासांना वैमानिकांच्या तासांइतकेच काटेकोर बंधन हवे. आणि "हे काम माझ्या हातून नीट झाले नसावे" असे आपणहून सांगणाऱ्या तंत्रज्ञाला शिक्षा नव्हे, संरक्षण मिळाले पाहिजे. जो चूक कबूल करतो त्याची बढती रोखली गेली, तर पुढे कोणी कबूल करणार नाही, आणि मग यंत्राच्या थरथरीशिवाय चूक सांगणारा साक्षीदारच उरणार नाही.

या सर्वांत प्रवाशाचाही वाटा आहे, आणि तो त्याला सहसा ठाऊक नसतो. पहाटेच्या उड्डाणाला तांत्रिक कारणास्तव दोन तास उशीर होणार असे जाहीर झाले, की प्रतीक्षागृहात संताप उसळतो, खिडकीवरच्या मुलीवर आवाज चढतात, भ्रमणध्वनीवरून तक्रारी सुटतात. त्याच सुमारास दूर हँगरमध्ये कोणी अभियंता काट्याकडे पाहून "एकदा पुन्हा चालवून बघू" असे म्हणत असतो, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला कोणी घड्याळ दाखवत असतो. प्रतीक्षागृहातला प्रत्येक चढा आवाज त्या घड्याळाच्या बाजूने पडलेले मत असते. काट्याच्या बाजूने मत द्यायचे असेल, तर प्रवाशाने ते दोन तास शांतपणे बसून राहिले पाहिजे. आणि कंपनीने ते दोन तास तोट्यात न धरता देखभालीच्या खर्चात धरले पाहिजेत.